बेचाळीस किलोमीटरचा हिशेब

पहाटेचे पाच वाजलेले असतात. दुधाच्या गाड्या नुकत्याच फिरू लागलेल्या, रस्त्यावरचे दिवे अजून विझायचे असतात. अशा वेळी दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याशी, मरीन ड्राइव्हवर किंवा पुण्याच्या एखाद्या टेकडीच्या पायथ्याशी काही माणसे बुटांच्या नाड्या आवळत उभी दिसतात. त्यांत बँकेतला अधिकारी असतो, शाळेतली शिक्षिका असते, दवाखाना चालवणारे डॉक्टर असतात. साडेनऊला प्रत्येकाला आपापल्या कामावर हजर व्हायचे असते. 'तब्येतीसाठी धावता का?' असे कुणी विचारले, तर यांतले बरेच जण क्षणभर घुटमळतात. तब्येतीसाठी आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास पुरेसा असतो, हे त्यांना ठाऊक असते. ही मंडळी धावतात ती घड्याळासाठी. गेल्या जानेवारीत चार तास आणि सात मिनिटे लागली होती. येत्या जानेवारीत ती सात मिनिटे पुसून टाकायची, एवढ्यासाठी वर्षभराच्या पहाटा खर्ची पडत असतात.

15 फेब्रुवारी 2004 रोजी मुंबईत पहिली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली, तेव्हा हौशी धावपटू नावाचा प्राणी शहरात तसा दुर्मीळच होता. पुण्याची मॅरेथॉन 1983 पासून होत होती. पण तिथे मुख्यत्वे लष्कर, रेल्वे आणि पोलीस दलाचे खेळाडू धावत आणि बाकीचे पुणेकर रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत. मुंबईच्या शर्यतीने कडेला उभ्या असलेल्यांना रस्त्यावर आणले. आरंभी 'पूर्ण केली' एवढ्यातच धन्यता होती. दोन-तीन वर्षे पूर्ण करून झाल्यावर मात्र 'किती वेळात?' हा प्रश्न येतोच. हौसेचे रूपांतर स्पर्धेत होते ते इथे, आणि खरी कठीण वाटही इथूनच सुरू होते.

'हौशी' या शब्दाचा अर्थही दरम्यान पार बदलून गेला आहे. एके काळी हौशी खेळाडू म्हणजे खेळातून एक पैसाही न घेणारा. हा दंडक इतका कडक होता, की ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदके मिळवलेल्या फिनलंडच्या पाव्हो नुर्मी यांना 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये केवळ त्यापायी धावू दिले नाही. आता तो दंडक राहिलेला नाही. आज हौशी म्हणजे स्वतःच्या खिशातून प्रवेशशुल्क भरून, रजा टाकून, घरच्यांची बोलणी खाऊन धावणारा. त्याची स्पर्धा पहिल्या रांगेतल्या केनियन किंवा इथिओपियन धावपटूंशी नसते. ती असते आपल्या वयोगटातल्या दहा-वीस जणांशी, आणि त्याहून अधिक स्वतःच्या मागच्या वर्षीच्या वेळेशी.

या वेळेला जगभर एक मापदंड मिळाला आहे तो अमेरिकेतल्या बॉस्टन मॅरेथॉनमुळे. तिथे 1970 पासून पात्रतेची अट आहे. 2026 च्या शर्यतीसाठी 35 वर्षांखालील पुरुषांना 2 तास 55 मिनिटे आणि त्याच वयाच्या महिलांना 3 तास 25 मिनिटे ही मर्यादा होती; वय वाढते तशी ती सैल होत जाते. चाळिशीतल्या पुरुषाला 3 तास 5 मिनिटे, पन्नाशीतल्याला 3 तास 20 मिनिटे. पण मर्यादा गाठली म्हणजे काम झाले असे नाही. अर्ज इतके येतात, की 2025 च्या शर्यतीसाठी पात्रतेच्या वेळेपेक्षा 6 मिनिटे 51 सेकंद वेगाने धावलेल्यांनाच प्रत्यक्ष प्रवेश मिळाला. त्यामुळे ठाण्या-कोथरूडच्या कट्ट्यावर दोन धावपटूंत चाललेले बोलणे एखाद्या परीक्षेच्या गुणांविषयी चालल्यासारखे वाटते, त्यात नवल नाही.

हौशी धावपटूचे भांडवल एकच, वेळ. आणि तोही तुटपुंजा. मग मिळालेला प्रत्येक तास जोरात धावून वसूल करावा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. मनगटावरच्या घड्याळाने या स्वभावात भरच घातली आहे. सकाळी धावलेले किलोमीटर आणि गती दुपारपर्यंत मित्रमंडळींच्या फोनवर झळकते, आणि 'आज एवढे हळू का?' असे विचारणारा एखादा तरी भेटतोच. परिणामी बहुतेक हौशी धावपटू रोज थोडे जास्तच वेगात धावतात: विश्रांती म्हणावी इतके हळू नाही आणि खरा कस लागावा इतके जोरातही नाही. या मधल्या पट्ट्यात वर्षे निघून जातात, थकवा साठत राहतो आणि वेळ मात्र जागची हलत नाही.

यावरचा उतारा फार जुना आहे. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करत. तरुणपणी एका मित्राबरोबर पाच मैल धावताना त्यांना सडकून धाप लागली आणि आपण समजतो तितके तंदुरुस्त नाही, हे ध्यानात आले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी प्रयोग केले ते स्वतःच्याच शरीरावर. कधी फार कमी अंतर, कधी अतोनात; कधी वेगाने, कधी रमतगमत. निष्कर्ष निघाला तो असा, की आधी कित्येक आठवडे भरपूर अंतर सोसेल अशा गतीने धावावे, मग चढांवर सराव करावा आणि वेगाचे काम अगदी शेवटी, शर्यत जवळ आल्यावर घ्यावे. शेजारपाजारची नोकरदार मुले त्यांनी हाताशी धरली. आठवड्याला शंभर मैल, आणि रविवारी वाइटाकेरे डोंगररांगेतला बावीस मैलांचा फेरा. 800 मीटर धावणाऱ्यालाही त्यातून सूट नव्हती. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये यांतल्या पीटर स्नेल यांनी 800 मीटरचे आणि मरे हालबर्ग यांनी 5000 मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. बॅरी मॅगी यांनी मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवले. लिडियार्ड यांचे सूत्र साधे होते: शरीर घडवा, पण त्याला पिळून काढू नका.

हळू धावून वेग कसा वाढतो, हे कोडे वरवर पाहता उलटेच वाटते. त्याचे उत्तर स्नायूंच्या आत आहे. तासन् तास सावकाश धावल्याने हृदयाची प्रत्येक ठोक्यागणिक रक्त फेकण्याची क्षमता वाढते, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजनच्या साह्याने ऊर्जा तयार करणाऱ्या चिमुकल्या भट्ट्या, संख्येने आणि आकाराने वाढतात. मुख्य म्हणजे स्नायू चरबी जाळायला अधिक चांगले शिकतात. हे सारे बदल सौम्य गतीवरही घडतात आणि शरीराला त्याची फारशी किंमत मोजावी लागत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येते. वेगाच्या सरावाचे तसे नाही. तो आवश्यक असतो, पण त्यातून सावरायला दोन-तीन दिवस जातात.

नॉर्वेमध्ये काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाचे नौकानयनपटू, स्कीपटू आणि धावपटू प्रत्यक्षात कसा सराव करतात, याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण ऐंशी टक्के सराव सौम्य आणि उरलेला कठोर, असेच चित्र पुन्हा पुन्हा दिसले. आता रोज दोन-दोन वेळा सराव करणाऱ्यांचे प्रमाण आठवड्यातून पाचच दिवस धावणाऱ्याला जसेच्या तसे लागू करावे का, यावर मतभेद आहेत आणि ते रास्तही आहेत. तरी सौम्य म्हणजे किती, हे ठरवायला प्रयोगशाळेची गरज नाही. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या म्हणजे गती बरोबर. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, की ती सौम्य उरलेली नाही. मुंबईकराला तर निसर्गानेच हे वेळापत्रक आखून दिले आहे. जून ते सप्टेंबर पावसात भिजत पाया घालायचा, पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या अर्धमॅरेथॉनसारख्या शर्यतीत पायांची परीक्षा घ्यायची आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातून पार पडल्यावर वेगाच्या मागे लागायचे.

नोकरी सांभाळून कुठवर जाता येते, याचे उदाहरण 16 एप्रिल 2018 रोजी बॉस्टनमध्ये जगाने पाहिले. त्या दिवशी तिथे गोठवणारा पाऊस होता आणि समोरून बोचरा वारा. आघाडीचे व्यावसायिक धावपटू एकेक करून शर्यत सोडत गेले. अखेरच्या टप्प्यात आदल्या वर्षीचे विजेते आणि जगज्जेते जेफ्री किरुई यांना मागे टाकून पहिला आला तो जपानचा युकी कावाउची. वेळ 2 तास 15 मिनिटे 58 सेकंद. सैतामा प्रांताच्या सरकारी सेवेत असलेले हे गृहस्थ एका शाळेच्या कचेरीत काम करत. कामाची पाळी दुपारपासून रात्रीपर्यंत असल्यामुळे धावायला मिळे ती सकाळच. जपानमधल्या कंपन्यांच्या संघांत असलेले धावपटू महिन्याला हजार-हजार किलोमीटर सराव करत असता कावाउची सुमारे सहाशेंवर भागवत. त्यांत बरेचसे सावकाश, आठवड्यातून दोनदाच कठोर, आणि सरावाला सोबती नाहीत म्हणून शनिवार-रविवारी शर्यतींतच उतरायचे, अशी त्यांची रीत होती. त्याच शर्यतीत महिलांमध्ये दुसऱ्या आलेल्या सेरा सेलर्स या ॲरिझोनातल्या एका रुग्णालयात भूल देणाऱ्या परिचारिका होत्या. आपण दुसऱ्या आलो, यावर प्रथम त्यांचाच विश्वास बसेना. कावाउची यांनी 2019 मध्ये नोकरी सोडून व्यवसाय म्हणून धावायला सुरुवात केली. पण जग त्यांना ओळखते ते 'नागरिक धावपटू' म्हणूनच.

असल्या कहाण्या ऐकून उत्साहाच्या भरात अंतर वाढवणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतले अनेक दोन महिन्यांत अस्थिरोगतज्ज्ञांच्या दारात बसलेले दिसतात. कारण सरळ आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूबंध आणि हाडे मात्र फार मंद गतीने बळकट होतात. दम टिकतो म्हणून माणूस पुढे धावत राहतो आणि नडगीचे हाड किंवा टाचेवरची शीर आधी हात टेकते. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, हा नियम सर्वतोमुखी आहे. परंतु नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे 532 नवशिक्या धावपटूंवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा नियम पाळणाऱ्यांत आणि त्याहून झपाट्याने अंतर वाढवणाऱ्यांत दुखापतींचे प्रमाण सारखेच, सुमारे वीस टक्के आढळले. म्हणजे नियम निरुपयोगी असे नव्हे. आकड्यापेक्षा स्वतःच्या पायाचे ऐकावे लागते, इतकेच. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच दुखते का, हा प्रश्न कोणत्याही घड्याळापेक्षा अधिक सांगून जातो.

एवढे सगळे करून माणूस आरंभरेषेवर येतो आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये वर्षभराची कमाई उधळून टाकतो. हे असे का होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

शरीरात दोन इंधने असतात, चरबी आणि कर्बोदके. चरबीचा साठा सडपातळ माणसातही अनेक मॅरेथॉन पुरेल इतका असतो. कर्बोदकांचा साठा मात्र मोजका. स्नायूंत सुमारे चारशे आणि यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन असते. प्रत्येक ग्रॅमला चार कॅलरी धरल्या, तर तिजोरीत दोन हजारांच्या आसपास. धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी. म्हणजे 65 किलो वजनाच्या माणसाला 42.195 किलोमीटरसाठी सुमारे 2,750 कॅलरी लागणार. तूट भरून काढते ती चरबी. पण गती जितकी जास्त, तितका कर्बोदकांचा वाटा मोठा आणि चरबीचा लहान. आरंभीच्या गर्दीत, बँडच्या तालावर, ताज्या पायांनी किलोमीटरला वीस सेकंद जास्त वेगाने धावले तर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. तिजोरीतून मात्र रक्कम भराभर बाहेर पडत असते. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे ती रिकामी होते. मेंदूला साखरच लागते. ती कमी पडू लागली, की पायांबरोबर मनही ढासळते. धडधाकट माणूस रस्त्याच्या कडेला बसून 'हे सगळे कशासाठी?' असे स्वतःला विचारू लागतो. धावपटू याला भिंत म्हणतात.

चार तासांत शर्यत संपवायची तर किलोमीटरला 5 मिनिटे 41 सेकंद ही गती हवी. एखाद्याने पहिले दहा किलोमीटर 5 मिनिटे 20 सेकंदांनी काढले, तर त्याने साडेतीन मिनिटे कमावली. आता समजा, भिंतीला धडकून शेवटचे दहा किलोमीटर साडेसात मिनिटांनी ओढावे लागले. गमावली अठरा मिनिटे. याहून वाईट व्याजदर कोणताही सावकार लावत नसेल. मुंबईत तर या अवस्थेत पेडर रोडचा चढ समोर येतो. मार्गात वेळोवेळी बदल होत गेले, तरी या चढाची धास्ती जुन्या धावपटूंच्या बोलण्यातून काही गेलेली नाही. सपाटीवर ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहणार नाही असला हा चढ. पण पस्तीस किलोमीटर पायांखालून गेल्यावर त्याचा घाट होतो.

तिजोरी आधीच भरून ठेवण्याचे तंत्र 1960 च्या दशकात स्वीडनमधल्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांच्या प्रयोगांतून पुढे आले. त्यांनी मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे सुईने काढून ग्लायकोजेन मोजले. इंग्लंडच्या रॉन हिल यांनी ते शर्यतीत वापरून पाहिले. वस्त्ररसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले हिल नोकरीवर धावत जात आणि धावतच घरी परतत. 1970 मध्ये त्यांनी बॉस्टन 2 तास 10 मिनिटे 30 सेकंदांत जिंकली. आधी उपास आणि मग भरपेट असा त्या काळचा त्रासदायक प्रकार आता आवश्यक मानला जात नाही. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमी करत न्यायचा आणि शेवटचे दोन-तीन दिवस भात, बटाटा, पोहे यांचे प्रमाण वाढवायचे, एवढ्याने काम भागते. शर्यतीत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. ती परदेशी पाकिटातल्या गोड चिकातून जावीत की केळे-खजुरातून, हा खिशाचा प्रश्न. पोटाला काय मानवते, ते मात्र सरावातच तपासावे लागते. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ आणि नवे बूट, दोन्ही वर्ज्य.

उरतो तो उन्हाचा आणि पाण्याचा प्रश्न, आणि इथे गाठ थेट जिवाशी असते. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पाय पुढे टाकण्यात जातो; बाकीची उष्णता होऊन शरीरात साठते. ती बाहेर काढायचा मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो. आणि निथळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते आणि तीच गती राखायला हृदयाचे ठोके वाढत जातात. म्हणून थंड प्रदेशातल्या शर्यतीची वेळ मुंबईत तशीच्या तशी मागणे हा शरीरावर अन्याय आहे. धावताना गुंगी आली, बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर ती जिद्द दाखवायची वेळ नव्हे. तातडीने थांबून अंगावर गार पाणी ओतून घ्यायची वेळ आहे.

मात्र 'भरपूर पाणी प्या' हा सल्लाही दुधारी आहे. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंच्या रक्ताचे नमुने अंतिम रेषेवर तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या तेरा टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीखाली उतरलेले आढळले. अति पाणी पिऊन शर्यतीत वजन वाढलेले आणि चार तासांहून अधिक काळ रस्त्यावर असलेले धावपटू त्यांत अधिक होते. रक्त पातळ झाले की मेंदूला सूज येते, आणि त्यात मृत्यूही ओढवतो. सावकाश धावणाऱ्याने प्रत्येक टेबलावर थांबून पेलाभर पाणी रिचवणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे. तहान लागेल तसे प्यावे, हा हल्लीचा सल्ला आजीबाईच्या बटव्यातला वाटेल. पण त्यामागे हे संशोधन आहे.

या सगळ्या शास्त्राच्या आधीही माणसे धावतच होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली मुले सर दोराबजी टाटा यांनी पाहिली, आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याची खटपट तिथून सुरू झाली. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंद. त्या वर्षीचे अंतर आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक, 42.75 किलोमीटर होते. चौगुलेंची शतकापूर्वीची ही वेळ आजच्या तरुण धावपटूला बॉस्टनची पात्रता मिळवून देईल. अव्वल वातानुकूलित दुकानातून वीस-पंचवीस हजारांचे, तळव्यात कार्बनची पट्टी बसवलेले बूट घेताना या आकड्याची आठवण ठेवायला हरकत नसावी. बुटांनी थोडा फरक पडतो, हे खरे. पहाटेच्या गजराला मात्र त्यांचा काही उपयोग होत नाही.

शर्यतीनंतरचा सोमवार उजाडतो तो जिन्यावर. चढताना फारसे काही वाटत नाही, उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि आदल्या दिवशी हजारो पावलांत नेमक्या याच क्रियेने त्याचे सूक्ष्म तंतू दुखावलेले असतात. ही ठणक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचते आणि आठवड्याभरात ओसरते. आतली डागडुजी आणखी काही दिवस चालू राहते, म्हणून जाणते धावपटू दोन आठवडे बुटांना हात लावत नाहीत. कचेरीतले सहकारी त्या लंगड्या चालीकडे पाहून हसतात. धावपटूचे लक्ष मात्र त्यांच्याकडे नसते. टेबलावर पुढच्या वर्षीची दिनदर्शिका उघडी असते आणि जानेवारीपासून मागे, एकेक आठवडा मोजत तो पावसाळ्यापर्यंत येऊन पोहोचलेला असतो.